ज्यांना भीती वाटते त्यांनी हात वर करा

आमच्या शाळेत काहीही मोजायचं असलं की हात मोजतात. जंताच्या गोळ्या किती लागतील? हात वर करा. सायकल कुणाकुणाला नाही? हात वर करा. सहलीला कोण येणार, आधार कुणाचं जोडलेलं नाही, कुणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, सगळ्या दुखण्यावर एकच औषध. वरून कागद कसाही येवो, त्यावर "गोपनीय" लिहिलेलं असो नाहीतर "अतितातडीचे", बोरीच्या जवळच्या आमच्या त्या गावात पोचला की मॅडमनं फळ्यासमोर उभं राहायचं आणि डोकी मोजायची. मीही वर्षानुवर्षं हेच करत आले.

गेल्या हिवाळ्यात असाच एक कागद आला. परभणीच्या कुठल्याशा कॉलेजातून आला होता आणि किशोरवयीन मुलांमधला समाजमाध्यमांचा समस्यात्मक वापर मोजायचा होता. आला कुठून, तर मोबाईलवरच. मोठ्या सरांनी तो शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आजच्या आज माहिती द्या. मी म्हणलं, वा! लेकरांनी मोबाईल किती बघायचा हे मोजायला आपण सकाळी उठल्यापासून मोबाईल बघायचा.

कागदावर सूचना मात्र स्वच्छ होती. प्रत्येक मुलाला वेगळी प्रत द्या, नाव घेऊ नका, उत्तरं घडी घालून डब्यात टाकायला सांगा. पण लाईट गेलेली, झेरॉक्सवाला बोरीत. मोठे सर म्हणाले, "मॅडम, वाचा आन् हात मोजा. लेकरं आपलीच हायत. आपल्यापासून काय लपवतेत?"

मला ते पटलंच. दहावीचा वर्ग माझा होता. त्यातली निम्मी पोरं मी पाचवीपासून पाहिलेली. आणि पहिल्या बाकावर खिडकीशेजारी माझीच मुलगी बसायची. तिचे पप्पा पुण्याकडं कंपनीत, महिन्यातून एखादी चक्कर. घरात आम्ही दोघीच. शाळेच्या गेटातून आत आलो की ती मला मॅडम म्हणायची आणि घरी आई. हा नियम तिनंच पाचवीत काढला होता आणि माझ्यापेक्षा तीच जास्त कडक पाळायची. वर्गात पहिली यायची. कुठलाही प्रश्न विचारला की सगळा वर्ग आधी तिच्या हाताकडं बघायचा आणि मग आपला हात कुठं ठेवायचा ते ठरवायचा.

मी पहिला प्रश्न वाचला. तुम्ही इतर काम करत असताना समाजमाध्यमांचा विचार सतत तुमच्या मनात येतो का?

सगळा वर्ग वर. शेवटच्या बाकावरच्यांनी तर दोन-दोन हात वर केले. मला आधी वाटलं, बाप्पा, हे तर सगळे पार बिघडलेत. दुसऱ्या प्रश्नालाही तेच. तिसऱ्याला मागून आवाज आला, "मॅडम, टॅब कवा येणार हायत?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात हात वर करणाऱ्याला काहीतरी मिळतं. सायकलीला हात वर केला त्याला सायकल आली, गणवेशाला केला त्याला कापड आलं. मोबाईलबद्दल विचारायलेत म्हणजे सरकार मोबाईल वाटणार, हे लेकरांनी पक्कं धरलं होतं. जो हात खाली ठेवील तो मूर्ख! मी टेबलावर डस्टर आपटलं. "काही मिळणार नाही कुणाला! खरं खरं सांगायचंय. आजार मोजतात तसं मोजायचंय हे."

"मंग आमी कामून सांगावं?" एकजण हळूच बोलला, आणि सगळे हसले. मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आता हात निम्म्यावर आले. समाजमाध्यम वापरता आलं नाही तर अस्वस्थ वाटतं का, ह्या प्रश्नाला एक मुलगी उभीच राहिली. तिचे आईबाप पश्चिमेकडं कारखान्याच्या उसाच्या फडावर होते आणि ती आजीजवळ राहायची. म्हणाली, "मॅडम, माय रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करती. एखाद्या दिशी आला न्हाई की माझा जीव खालीवर होतो. ह्याला हात वर करायचा का?"

कागदावर ह्याचं उत्तर नव्हतं. मी म्हणलं, "कर." आणि तिला मोजलं. आजही मला कळत नाही, ते बरोबर केलं की चूक.

मग तो प्रश्न आला. समाजमाध्यमावर घडलेली एखादी गोष्ट घरच्यांना सांगण्याची तुम्हाला भीती वाटते का?

हा मात्र वर्गाला लागला. कुणी हसलं नाही. पोरी बाकाकडं बघायला लागल्या, पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. हात एकही नाही. मी पेन टेकवून शून्य लिहिणार, तेवढ्यात खिडकीशेजारी एक हात वर गेला. सरळ, ताठ, गणिताच्या उत्तराला जातो तसा. माझ्या मुलीचा.

ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या डोक्याच्या वर, फळ्यावरच्या तारखेकडं बघत होती.

काळजात धस्स झालं म्हणतात ना, ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. आणि तिचा हात वर बघून तिच्या मागच्या बाकावरचा हात वर गेला, मग त्याच्या मागचा. पहिल्या नंबरवालीनं केलाय म्हणजे उत्तर तेच असणार! बघता बघता वर्गभर हातच हात. मोठे सर तेवढ्यात दारातून डोकावले आणि म्हणाले, "बघा, सगळेच घाबरतेत घरच्याला. चांगलंच हाय की." आणि हसत पुढं गेले.

मी पुढचा प्रश्न वाचला. काय वाचला ते आठवत नाही. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. तिनं हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. मी स्वतःला सांगत होते, काही नसेल, पोरीचा कुठंतरी मार्क कमी पडला असेल, मैत्रिणीशी भांडण झालं असेल. चाळीस लेकरांसमोर विचारायचं तरी कसं? मधल्या सुट्टीत बघू. घंटा होईपर्यंत माझं मन नुसतं टांगलेलं होतं.

घंटा झाली. पोरं डबे घेऊन झाडाखाली पळाली. मी कागद ऑफिसात टेकवून बाहेर आले तर ती व्हरांड्यात नाही, नळावर नाही, मुलींच्या खोलीत नाही. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारलं. ती जेवणाचा डबा हातात धरून म्हणाली, "पोट दुखायलंय म्हणून घरी गेली, मॅडम. तुमाला सांगितलंय म्हणली."

मला काहीच सांगितलं नव्हतं.

शाळेपासून घर लांब नाही. पण त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना. चालत निघाले आणि मारुतीच्या पारापाशी कधी पळायला लागले ते कळलंच नाही. गावातली माणसं बघत होती. मॅडम पळायल्यात, हे काही रोज दिसणारं चित्र नव्हे. एकानं विचारलंही, "काय झालं ओ मॅडम?" मी हात हलवला. काय सांगणार? मलाच काय झालंय ते माहीत नव्हतं.

दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. आत कुणी नाही. दप्तर खाटेवर. तिचा तो जुना मोबाईल, जो तिच्या पप्पांनी नवीन घेतल्यावर तिला अभ्यासाला म्हणून दिला होता, तो नेहमीच्या जागी, फळीवर नव्हता. मी तिला हाका मारल्या. न्हाणीत पाहिलं. वर माळवदावर जाऊन पाहिलं. वरून मागच्या शेतातली विहीर दिसते. कठडा नसलेली. इतकी वर्षं तिथं राहिले, त्या विहिरीकडं मी कधी नीट बघितलंही नव्हतं. त्या क्षणी मला दुसरं काही दिसेना. जिन्याची कड धरून मी खाली आले ती जवळजवळ घसरतच.

शेजारच्या काकू अंगणात तूर पाखडत होत्या. मी त्यांना विचारलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमची लेक? आत्ताच गेली की फाट्याकडं. नवा ड्रेस घालून. म्या म्हणलं, कुठं चाललीस माय, तर म्हणली, आईनं जिंतूरला पाठवलंय."

विहीर नाही. फाटा. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो पडला नाही. खोटं बोलून, नवा ड्रेस घालून, एकटी, शाळेच्या वेळात जिंतूरला. हे कशासाठी? ज्या गोष्टी मी दरवर्षी पालकसभेत आयांना सांगते, मुलींवर लक्ष ठेवा, त्यांच्याशी बोला, त्या सगळ्या त्या रस्त्यावर माझ्या मागं धावत होत्या. लोकाच्या लेकरांचे हात मोजत बसले आणि माझं लेकरू पहिल्या बाकावर! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी रडत निघाले की शिव्या देत, काकूंना विचारलं तर त्याच सांगतील.

फाट्यावर निवाऱ्याच्या सावलीत ती उभी होती. एकटीच. हातात मोबाईल घट्ट धरलेला. मला बघून ती पळाली नाही, रडलीही नाही. नुसती बघत राहिली.

मी तिच्या दंडाला धरलं. इतकं जोरात की नंतर तिथं वळ दिसत होता. "कुठं चाललीस? कुणाकडं? बोल!"

"सोड ना, गाडी येईल."

"गाडी गेली खड्ड्यात! बोल म्हणते ना!"

"बघ," ती म्हणाली. "म्हणूनच घरी सांगितलं न्हाई. घरी तू ओरडतीस. वर्गात तुला ओरडता येत न्हाई, म्हणून तिथं हात वर केला. मला वाटलं, तू तास थांबवशील. मला बाहेर नेशील. तू बघितलंस. माझ्याकडं बघितलंस आणि पुढचा प्रश्न वाचलास."

माझी पकड आपोआप सुटली. मी खाली त्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. तिला म्हणलं, "बस. ओरडत नाही. सांग."

तिनं सांगितलं. तुटक तुटक सांगितलं, रस्त्याकडं बघत. दिवाळीच्या सुट्टीत एका मुलीच्या नावाच्या अकाउंटवरून मेसेज आला. सेलूकडची आहे, दहावीतच आहे, विज्ञानाच्या नोट्स दे म्हणाली. हिनं दिल्या. मग रोज गप्पा. मग स्नेहसंमेलनातला नऊवारीतला फोटो मागितला, हिनं तोही दिला, त्यात काय मोठं? आणि आठवड्याभरापूर्वी त्याच अकाउंटवरून एक फोटो आला. चेहरा हिचा, बाकीचं अंग कुणाचं कोण जाणे. सोबत लिहिलेलं, मी मुलगी नाही. भेटायला ये. येत्या बाजारच्या दिवशी, म्हणजे आज, दुपारच्या गाडीनं जिंतूरच्या स्टँडवर आली नाहीस तर हा गावाच्या ग्रुपवर टाकतो.

गावाचा ग्रुप म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. सरपंचापासून किराणा दुकानदारापर्यंत सगळं गाव त्यात. बारसं, मयत, पाण्याचा टँकर, हरवलेली म्हैस, सगळं तिथं. तिथं पडलेली गोष्ट पुसली तरी पुसत नाही. लोक खरं-खोटं विचारत नाहीत, आधी पुढं पाठवतात आणि मग हळहळतात.

"मी त्याला पाया पडून सांगणार होते," ती म्हणाली. "की नको टाकू."

अगं माय माझे! मी तिला जवळ ओढलं. ती ताठच राहिली, लाकडासारखी. खरं सांगते, इतकी भीती मला तिच्या जन्माच्या वेळीही वाटली नव्हती, आणि तेव्हा डॉक्टरांनी हात वर केले होते. अजून पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर? झेरॉक्सवाला गावात असता, ती उत्तरं घडी घालून डब्यात पडली असती आणि डबा जसाच्या तसा परभणीला गेला असता तर? मला कळलं तरी असतं का?

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाईल वाजला. अनोळखी नंबर होता. तिचा चेहरा पांढरा पडला. "तोच. माझा नंबर घेतला होता त्यानं, गाडीत बसली का विचारायला फोन करतो म्हणला होता."

मी मोबाईल घेतला. फोन उचलला. स्पीकरवर ठेवला आणि एक श्वास घेतला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून वर्गातलाच आवाज निघाला, गोंधळ झाला की निघतो तो. "कोण बोलतंय? नाव सांग आधी."

पलीकडं एसटीचा हॉर्न ऐकू आला, कुणीतरी "शेंगा, भाजक्या शेंगा" ओरडत होतं. आणि मग एक आवाज आला. पोरगेला, दचकलेला.

"नमस्ते मॅडम."

आणि फोन कट.

आमच्याकडं मुलांना ही सवय पाचवीतच लावतो. बाईंचा आवाज कानावर पडला की जागेवर उभं राहायचं, नमस्ते म्हणायचं, मग बाकीचं. तोंडातून ते आपोआप निघतं, पोरगं मोठं झालं तरी. त्या पोराला ती सवय मीच लावली होती. तो आवाज मी ओळखला, आणि माझ्या मुलीनंही ओळखला. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतून दहावी पास झाला, आता जिंतूरला बारावीला जायचा. आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन घरी आला होता, माझ्या पाया पडला होता, आणि पेढा हिच्याही हातावर ठेवला होता.

भीती कमी व्हायला हवी होती ना? ओळखीचंच पोरगं निघालं. पण उलट झालं. आतापर्यंत भीती लांब कुठंतरी होती, जिंतूरच्या स्टँडवर, मोबाईलच्या आत, कुण्या परक्या माणसाजवळ. आता ती आमच्या मागच्या गल्लीत होती. त्याची आई मला रोज राम राम घालायची. उद्या ती मला रस्त्यात गाठणार, पाया पडणार, म्हणणार, मॅडम, लेकरू चुकलं, पोटात घाला, पोराचं वाटोळं होईल. मग चार मोठी माणसं येणार आणि म्हणणार, मॅडम, प्रकरण वाढवू नका, तुमच्याच पोरीचं नाव जाईल. मला ते सगळे चेहरे दिसत होते. मला हेही माहीत होतं की ऐन वेळी मी त्यांचं ऐकू शकते. पोरीच्या नावाला कुठली आई भीत नाही?

माझ्या मुलीच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. तिनं विचारलं, "आई, आता माझी शाळा बंद करणार का तुमी?"

आठवडाभर हे लेकरू पोटात काय घेऊन फिरलं असेल! त्या फोटोपेक्षा, त्या धमकीपेक्षा, तिला ह्याची भीती होती. आमच्या वर्गातल्या मुली अशाच गेल्या आहेत. कुणाच्या मोबाईलवर एक मेसेज सापडला, दुसऱ्या दिवशी बाक रिकामं, उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका. तिनं ते पहिल्या बाकावरून पाहिलेलं होतं. मी ती पत्रिका घेऊन अक्षता टाकायला जायची, तिला सोबत घेऊन.

"कोण बंद करतंय बघते मी," मी म्हणलं. "नाही बंद करणार. तुझ्या पप्पांनी म्हणलं तरी नाही. आणि त्या मोबाईलमधलं काही पुसू नकोस. एक अक्षर पुसू नकोस."

परभणीकडून गाडी आली. दुपारची, बाजारच्या दिवसाची, खच्चून भरलेली. मी तिचा हात धरून चढले. आत सगळी ओळखीचीच माणसं. आमच्या गावातल्या दोन बाया पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या, पुढं माझ्या एका विद्यार्थ्याचा बाप, मागं दूध डेअरीवाले. एकजण म्हणालाही, "शाळा सोडून कुठं निघालात मॅडम?" माझी मुलगी माझ्या पाठीला चिकटली, ओढणी तोंडावर घेऊन.

कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "कुठं जायचं बाई?"

नुसतं जिंतूर म्हणलं असतं तरी भागलं असतं. तिकीट तेच, पैसे तेच. मी वरची दांडी घट्ट धरली.

"जिंतूर, दोन," मी म्हणलं. "पोलीस स्टेशनपाशी उतरवा आम्हाला."

ते जरा मोठ्यानंच निघालं. गाडीतली सगळी तोंडं वळली. आमच्या गावच्या बाईनं पिशवीतून हात बाहेर काढून हनुवटीला लावला. "बया! कशाला ओ मॅडम, पोलिसात कशाला?"

पाठीमागं माझ्या पदराची मूठ वळलेली मला जाणवली. मी काही बोलायच्या आधी माझ्या मुलीनं तोंडावरची ओढणी खाली घेतली.

"मला एकजण त्रास देतोय, काकू," ती म्हणाली. "त्याचं नाव सांगायला चाललोय."